दहा हजार खुणांचा कोश

भारतीय सांकेतिक भाषेचा कोश चाळायचा म्हणजे चित्रफिती बघायच्या. शब्द निवडला की पडद्यावरचा माणूस त्याची खूण करून दाखवतो. दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राने २०१८ मध्ये ३,००० शब्दांनी सुरुवात केली. २०२१ च्या तिसऱ्या आवृत्तीत ते १०,००० झाले. शाळेतले, कोर्टातले, दवाखान्यातले, शेतीतलेसुद्धा. प्रादेशिक खुणाही त्यात घेतल्या, हे मला विशेष शहाणपणाचं वाटतं. प्रमाणभाषेच्या नावाखाली बोली छाटण्याचा उद्योग आपण मराठीत पुरेसा केला आहे.

या भाषेचं व्याकरण स्वतंत्र आहे. ‘तू कुठे राहतोस?’ मधलं ‘कुठे’ खुणांत शेवटी जातं. हो-नाही उत्तराचा प्रश्न भुवया उंचावून विचारतात. हात तेच ठेवून भुवया उचलल्या नाहीत, तर साधं विधान होतं.

शाळांनी मात्र तिला बराच काळ वर्गाबाहेर ठेवलं. कर्णबधिरांच्या शिक्षणावरच्या १८८० च्या मिलान परिषदेने तोंडी पद्धतच श्रेष्ठ ठरवली, आणि मुंबईतली कर्णबधिरांची पहिली शाळा निघाली ती त्याच दशकात. ओठ वाचा, आवाज काढा, हात खाली! मुलं मधल्या सुट्टीत, वसतिगृहात खुणांनीच बोलत राहिली. मिलानचा ठराव व्हँकुव्हरच्या परिषदेत फेटाळला गेला, तोवर २०१० उजाडलं होतं. वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेने त्याआधीच, २००१ मध्ये, सांकेतिक भाषेचा कक्ष उघडला होता.

पुढचं सरकारी काम झपाट्याने झालं. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा सांकेतिक भाषा जाणणारे शिक्षक नेमायला सांगतो. २०२० मध्ये पाठ्यपुस्तकं खुणांत आणण्यासाठी दिल्लीच्या केंद्राचा एनसीईआरटीशी करार झाला, आणि २०२१ मध्ये मुक्त विद्यालयाने ही भाषा माध्यमिक स्तरावर विषय म्हणून दिली.

पण माध्यमिक स्तर म्हणजे फार उशीर. बहुतेक कर्णबधिर मुलं ऐकणाऱ्या आईबापांच्या पोटी जन्मतात. घरात कुणालाच खुणा येत नाहीत. श्रवणयंत्र, कॉक्लिअर इम्प्लांट जरूर बसवावं, त्याचं खुणांशी वैर नाही. पण ते जमेपर्यंत मुलाला बिनभाषेचं का ठेवायचं? पाचव्या वर्षी ‘काल’ आणि ‘उद्या’ सांगता न येणाऱ्या मुलापुढे चित्रफितीतलं पाठ्यपुस्तक काय कामाचं? पैसा आधी बालवाडीत आणि आयांच्या वर्गात घालायला हवा.

तिथे शिकवणार कोण? दिल्लीच्या त्याच केंद्रात कर्णबधिर तरुणांना ही भाषा शिकवण्याची पदविका मिळते. विशेष शाळा मात्र शिक्षक नेमताना विशेष डी.एड. किंवा बी.एड. बघतात. पदविकावाल्यांसाठी निराळी, पगारी जागा प्रत्येक शाळेत मंजूर करा. कोशातल्या खुणा मुलांच्या हातात उतरवणं त्यांनाच जमेल.