धुराचे व्याज

मनोरुग्णाच्या हातातली विडी काढून घ्यायला सहसा कोणी धजावत नाही. ‘बिचाऱ्याला तेवढाच विरंगुळा,’ असे घरचे म्हणतात. पूर्वी मनोरुग्णालयांतूनही नीट वागल्याचे बक्षीस म्हणून सिगारेट दिली जाई. या मायेमागे एक समजूत असते: धूम्रपान सुटले, तर मन आणखी बिघडेल.

बँकेत उभा जन्म गेल्यामुळे मला यात एक ओळखीचा हिशेब दिसतो. सावकाराचे व्याज भागवायला त्याच सावकाराकडून पुन्हा कर्ज काढणारे मी पाहिले आहेत. निकोटीनचे तसेच आहे. शेवटच्या झुरक्यानंतर काही तासांत तगमग, चिडचिड सुरू होते. पुढची सिगारेट ती शमवते आणि माणसाला वाटते, हिने मन शांत केले! ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मधल्या २०१४ सालच्या आढाव्यात तर सिगारेट सोडलेल्यांची चिंता आणि उदासी कमी झालेली आढळली, मानसिक आजार असलेल्यांचीसुद्धा.

आमच्या शेजारचा एक तरुण स्किझोफ्रेनियाचा रुग्ण आहे. एकदा तो मला म्हणाला, ‘काका, मला सोडायचीय. पण मला कुणी विचारतच नाही.’

विचारले पाहिजे, मात्र आधी डॉक्टरांना सांगून. विडी-सिगारेटच्या धुरामुळे यकृत काही औषधांचा निचरा भराभर करते. क्लोझापीन आणि ओलान्झापीन ही त्यांतली. धूर थांबला की तेवढ्याच गोळीचे रक्तातले प्रमाण वाढते, गुंगी येते, क्वचित झटकेही येतात. म्हणून डॉक्टर मात्रा कमी करतात. रुग्णाने किंवा घरच्यांनी परस्पर गोळ्या बदलू नयेत.

निकोटीनच्या पट्ट्या आणि व्हॅरेनिक्लिन, ब्युप्रोपिऑन ही औषधे मदतीला आहेत. २०१६ साली ‘लॅन्सेट’मध्ये आठ हजारांवर लोकांची पाहणी प्रसिद्ध झाली, त्यांतले निम्मे मानसिक आजाराचे होते. या औषधांनी मनोविकाराचा त्रास लक्षणीय वाढल्याचे दिसले नाही. पहिला आठवडा कठीण जातो, तीन-चार आठवड्यांत ओढ ओसरू लागते. तेवढे दिवस घरच्यांनी सोबत करावी, टोमणे मारू नयेत. पुन्हा ओढलीच, तर पुन्हा सुरुवात करावी.

गंभीर मानसिक आजाराची माणसे इतरांपेक्षा दहा ते वीस वर्षे आधी जातात, आणि त्यात हृदयाच्या व फुप्फुसांच्या विकारांचा वाटा मोठा असतो. मनाच्या उपचारांसाठी आपण एवढी धावपळ करतो. ते मन ज्या देहात राहते, त्याची काळजीही त्याच मायेत बसायला हवी.