हिमाशी हात भिडवावेच लागतात

आकाशात इतके उपग्रह फिरत असताना आर्क्टिकच्या थंडीत माणसे कशाला पाठवायची, हा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर हिमाच्या रसायनात सापडते. १९८०च्या दशकात कॅनडाच्या उत्तर टोकावरील अलर्ट केंद्रात दिसून आले, की ध्रुवीय रात्र सरून सूर्य उगवू लागला म्हणजे जमिनीलगतच्या हवेतला ओझोन अधूनमधून जवळजवळ नाहीसा होतो आणि त्याच वेळी हवा गाळलेल्या कागदावर ब्रोमीन वाढते. हे ब्रोमीन मूळचे समुद्राच्या मिठातले. पण ते हवेत सुटते कुठून? २०१२च्या वसंतात अलास्कातील बॅरोजवळ संशोधकांनी हिमावर पेटी ठेवून ही तपासणी केली. ऊन लागताच वरच्या हिमातून ब्रोमीन वायू बाहेर पडला, उघड्या समुद्री बर्फातून मात्र नाही. म्हणजे हिम हे नुसते पांघरूण नाही, तिथे रासायनिक क्रिया घडतात. याच क्रियांमुळे हवेतला पाराही हिमावर उतरतो. त्यातला काही परत हवेत जातो, उरलेला वितळत्या पाण्याबरोबर वाहत समुद्री प्राण्यांपर्यंत पोहोचू शकतो. सील आणि देवमासा हे ज्यांचे अन्न आहे, त्या इनुइट लोकांसाठी हा जिव्हाळ्याचा प्रश्न आहे.

उपग्रहांनाही ब्रोमीनचे संयुग दिसते, हे खरे. पण त्यांना दिसतो हवेचा संपूर्ण स्तंभ. त्यातून जमिनीलगतचा थर वेगळा काढणे अवघड असते, आणि सूर्यप्रकाशावर चालणारी उपकरणे ध्रुवीय रात्रीत निरुपयोगी ठरतात. समुद्री बर्फाची जाडी मोजणाऱ्या रडारच्या लहरी वरच्या हिमात किती खोल शिरतात, हे पडताळायलाही कुणीतरी फावडे घेऊन खड्डा खणावा लागतो. मग स्वयंचलित यंत्रे ठेवून परत का येऊ नये? कारण त्यांच्यावर दव गोठते, आणि तो थर खरवडायला माणूसच लागतो. २०१९-२०मध्ये ‘पोलारस्टर्न’ हे जर्मन जहाज बर्फात गोठवून वर्षभर वाहू दिले, तेव्हाही त्यावर संशोधकांची पथके आळीपाळीने राहत होती.

सर्वांत गंभीर आक्षेप इंधनाचा आहे. तापमानवाढ अभ्यासायला जाताना आपणच धूर सोडतो, हे नाकारता येणार नाही. म्हणून फेऱ्या कमी, मुक्काम लांब आणि सोयी सामायिक असाव्यात. आर्क्टिकमधील स्वालबार्ड बेटांवरच्या न्यू-ओलेसुंडला अनेक देशांची केंद्रे शेजारीशेजारी आहेत. भारताचे ‘हिमाद्री’ २००८पासून तिथेच आहे. डिसेंबर २०२३मध्ये तिथे भारताची पहिली हिवाळी मोहीम सुरू झाली. ती दरवर्षी अखंड चालली, तरच अंधारातल्या हवेची आणि वसंतातल्या हिमाची नोंद सलग जोडता येईल.