चेतापेशींचे वार्धक्य आणि अल्झायमर

मेंदूतील बहुतांश चेतापेशींचे पुन्हा विभाजन होत नाही. त्यांना आयुष्यभर टिकून राहावे लागते. वयोमानानुसार त्यांतील तंतुकणिकांची कार्यक्षमता घटते, ऑक्सिडीकरणाचा ताण वाढतो आणि निकामी प्रथिनांचा निचरा मंदावतो. अल्झायमरमध्ये पेशींबाहेर बीटा-अमायलॉइड साचते; आत टाऊ प्रथिन सूक्ष्मनलिकांपासून सुटून त्याच्या गुंत्या होतात. परिणामी पेशीअंतर्गत वहन खुंटते व चेतासंधी नष्ट होतात. १९०६ मध्ये अलॉइस अल्झायमर यांनी या विकृतीचे प्रथम वर्णन केले.

वार्धक्य हा सर्वांत मोठा धोकाघटक असला, तरी वार्धक्य म्हणजे अल्झायमर नव्हे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतातील ६० वर्षे व त्यावरील सुमारे ७.४ टक्के व्यक्तींना स्मृतिभ्रंश आहे. म्हणूनच बोईसर-पालघर परिसरातही वृद्धांचे वाढते विस्मरण 'म्हातारचळ' म्हणून सोडून न देता वेळीच तपासणी होणे अगत्याचे ठरते.