दप्तर तुटतं कुठे?

धाराशिव जिल्ह्यातल्या एका शाळेच्या दहावीच्या वर्गाबरोबर आम्ही नळदुर्गचा किल्ला पाहायला गेलो होतो. बोरी नदीवरचा बंधारा आणि त्याच्या पोटातला पाणीमहाल पाहायचा, दगडांचे नमुने गोळा करायचे, असा बेत होता. आमच्या पाठीवर शहरातल्या दुकानातून आणलेली चांगली महागाची पिशवी होती. किल्ल्याच्या पायऱ्या चढताना तिचा पट्टा वरच्या शिवणीतून सुटला आणि पाण्याच्या बाटल्या पायऱ्यांवरून गडगडत गेल्या. एका मुलीने आमचं सामान स्वतःच्या पिशवीत घेतलं. तिची पिशवी आईने घरी शिवली होती, खताच्या रिकाम्या पोत्याची. ती संध्याकाळपर्यंत टिकली.

परतताना आम्ही त्या पिशवीचं कौतुक केलं. मुलगी मात्र म्हणाली, "पण सर, पुढच्या वर्षी कॉलेजला सोलापूरला जायचंय. ही घेऊन कसं जाणार?"

प्रश्न योग्य होता. रानात, डोंगरावर चालेल आणि शहरात एस.टी.तून उतरल्यावर लाजही वाटणार नाही, अशी पिशवी घरी शिवता येईल का? आपण विज्ञानाच्या वाटेने त्याचं उत्तर शोधू.

खांद्यावर काय घडतं?

समजा पिशवीचं वजन ६ किलो आहे. म्हणजे सुमारे ६० न्यूटन बल खाली ओढतं आहे. पट्टा अडीच सेंटिमीटर रुंद आहे आणि खांद्याच्या सुमारे १० सेंटिमीटर लांबीवर टेकतो, असं धरू. क्षेत्रफळ झालं २५ चौरस सेंटिमीटर. एकाच खांद्यावर पिशवी अडकवली तर दाब होतो २४,००० पास्कल, म्हणजे पाऱ्याच्या सुमारे १८० मिलिमीटर स्तंभाइतका. डॉक्टर रक्तदाब मोजताना दंडाला पट्टा बांधतात, तो साधारण एवढ्या दाबापर्यंत फुगवतात. त्या वेळी हात कसा आवळल्यासारखा होतो, ते आठवून पाहा.

आता पट्टा ५ सेंटिमीटर रुंद केला तर दाब निम्मा होतो. ओझं दोन खांद्यांवर वाटलं तर आणखी निम्मा. म्हणजे १८० वरून ४५ वर. पिशवी तीच, सामान तेच, फक्त पट्ट्याची रुंदी आणि अडकवण्याची रीत बदलली.

दाबाहूनही महत्त्वाची गोष्ट आहे तरफेची. एका खांद्यावरची पिशवी पाठीच्या कण्यापासून बाजूला, समजा १८ सेंटिमीटरवर, लोंबते. कणा हा टेकू. तोल सांभाळायला कण्याच्या दुसऱ्या बाजूचे स्नायू ओढ लावतात, पण ते कण्यापासून जेमतेम ६ सेंटिमीटरवर असतात. भारभुजा बलभुजेच्या तिप्पट, म्हणून स्नायूंना तिप्पट बल लावावं लागतं, १८० न्यूटन. पिशवीचे ६० आणि स्नायूंचे १८० मिळून कण्यावर २४० न्यूटनांचा जादा भार येतो. सरळ उभं राहायचं ठरवलं तर हा हिशेब. प्रत्यक्षात माणूस विरुद्ध बाजूला झुकून तो कमी करतो. एका खांद्यावर दप्तर घेतलेल्या मुलांना मागून पाहिलं की हे झुकणं सहज दिसतं.

दोन्ही खांद्यांवरची पिशवी मधोमध येते. बाजूची भुजा उरत नाही, मागची उरते. म्हणून पिशवी खोल फुगीर नसावी, पाठीलगत पसरट असावी, आणि जड वस्तू पाठीला चिकटून ठेवाव्यात.

शिवण का हरते?

आता तुटलेल्या पट्ट्याकडे वळू. पिशव्या बहुतेक वेळा पट्ट्याच्या जोडावरच तुटतात. का?

दोन कापडं एकमेकांवर ठेवून शिवली आणि त्यांच्याच पातळीत विरुद्ध दिशांना ओढली, तर सगळे टाके ओझं वाटून घेतात. पण वहीची पानं उघडावीत तशी ती उकलली, तर सगळं ओझं कडेच्या टाक्यांवर येतं. ते तुटले की त्यांच्या मागचे, मग त्यांच्या मागचे. आमच्या पिशवीचा पट्टा नुसता वरच्या काठाच्या शिवणीत खोचलेला होता. प्रत्येक पावलाला तो काठ उकलत होता. त्यात पायऱ्यांवरचे हिसके. ओझं एकदम सोडलं की क्षणभर दुप्पट ताण बसतो. थोड्या उंचीवरून आदळलं तर त्याहून जास्त.

भरपूर टाके घातले तर? तेही घातक. प्रत्येक टाका म्हणजे सुईने पाडलेलं एक भोक. टपालाच्या तिकिटाच्या कडेला भोकं कशासाठी असतात, हे आपल्याला माहीत आहे. एका सेंटिमीटरला तीन-चार टाके पुरेत.

त्या मुलीच्या आईने काय केलं होतं? पट्टा वर जोडून थांबण्याऐवजी तिने तो पाठीवरून खाली, पिशवीच्या बुडाखालून पुढे वरपर्यंत नेला होता. सामान पट्ट्यावरच बसत होतं. शिवणीचं काम पट्टा जागेवर धरण्यापुरतं उरलं होतं. हे कोणी तिला शिकवलं नव्हतं. ओझं वाहणाऱ्या हातांना ते कळतं.

पोतं आत, कापड बाहेर

खताचं पोतं पॉलिप्रॉपिलीनच्या चपट्या पट्ट्या विणून केलेलं असतं. ४५ किलो युरिया पेलणारं हे कापड वजनाला अगदी हलकं असतं आणि त्याचा धागा पाणी शोषत नाही. त्याचा शत्रू एकच, ऊन. सूर्यप्रकाशातल्या अतिनील किरणांनी पॉलिप्रॉपिलीनच्या लांब साखळ्या तुटतात. गोठ्यावर टाकलेलं जुनं पोतं हातात चुरगळतं ते यामुळेच. धाराशिवसारख्या कमी पावसाच्या आणि कडक उन्हाच्या जिल्ह्यात हा दोष मोठाच.

सुती कापडाचं उलट. जाड सुती कापड ऊन बरंच सोसतं. भिजलं की त्याचे तंतू फुगतात, विणीतली भोकं बारीक होतात आणि हलकी सर काही वेळ अडते. ओला सुती धागा कोरड्यापेक्षा मजबूतही असतो. पण तो पाणी पितो, जड होतो आणि सावकाश वाळतो.

मग दोघांची जोडी लावू. बाहेर सुती कापड, आत पोत्याचं अस्तर. कापड पोत्याला ऊन लागू देत नाही, पोतं आतल्या वह्यांना सहजासहजी पाणी लागू देत नाही. आणि त्या मुलीचा प्रश्नही सुटतो. पिशवी दिसते सुती कापडाची. बाहेरचं कापड कुठलं आणि कोणत्या रंगाचं, ते तिने ठरवावं. ज्या तेरमधून, म्हणजे प्राचीन तगर नगरातून, सुती कापड गाड्यांमध्ये भरून भडोचच्या बंदराकडे जात असल्याची नोंद पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक ग्रंथात आहे, ते तेर याच जिल्ह्यात आहे.

पोतं युरियाचं घ्यावं. युरिया पाण्यात सहज विरघळतो, त्यामुळे तीन-चार वेळा धुतलं की निघून जातो. कीटकनाशकाची पिशवी मात्र कधीही वापरू नये. कापलेल्या कडा उसवतात. शिक्षकांनी त्या मेणबत्तीच्या ज्योतीजवळून झरकन फिरवल्या की वितळून बसतात.

एक पट्टा, दोन रीती

पिशवी ४० सेंटिमीटर उंच, ३० रुंद आणि १० खोल ठेवू. पाठीच्या बाजूला वर मधोमध एक मजबूत कडी हवी. ती ज्या पट्टीत अडकवायची, ती पट्टी आईच्या युक्तीप्रमाणे पाठीवरून, बुडाखालून पुढच्या बाजूपर्यंत नेऊन सपाट शिवायची. मग ५ सेंटिमीटर रुंदीचा एकच लांब पट्टा कडीतून ओवायचा आणि त्याची दोन टोकं खालच्या दोन कोपऱ्यांवर शिवायची. तिथे चौकोन आणि त्यात फुलीची शिवण घालावी, म्हणजे ओढ सगळ्या टाक्यांत वाटली जाते.

कडीच्या दोन्ही बाजूंचा पट्टा मोकळा सोडला की दोन खांद्यांवरची पिशवी तयार. पट्ट्याचा मधला भाग कडीतून वर ओढला की तीच एका खांद्यावर येते, बाजारात किंवा गर्दीच्या एस.टी.त सोयीची. लांब चालायचं असेल तेव्हा पुन्हा दोन खांद्यांवर.

पट्टा नेहमी कापडाच्या उभ्या धाग्यात कापावा. रुमाल आधी कडेने आणि मग कोपऱ्याला धरून तिरका ओढून पाहा. उरेप ओढला की तो लांबतो. असा पट्टा चालताना हेलकावे देईल.

वर्गात करून पाहा

एकाच कापडाच्या पट्ट्यांच्या दोन जोड्या घ्या. दोन्ही जोड सारख्याच टाक्यांनी शिवा. एक जोड पातळीत ओढला जाईल आणि दुसरा पानासारखा उकलेल, अशा रीतीने टांगा. खाली बादली अडकवा आणि मापाने पाणी ओता. एक लिटर म्हणजे एक किलो. कोणता जोड किती लिटरला सुटला ते लिहून ठेवा. बादली जमिनीपासून वीतभरच उंच ठेवा.

दुसरा प्रयोग त्याहून सोपा आहे. प्रत्येक मुलाचं वजन करा, त्याच्या दप्तराचं करा, आणि रिकाम्या दप्तराचंही करा. दप्तर मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांपेक्षा जड नसावं, असं महाराष्ट्र शासनाने २०१५ साली आणि केंद्राच्या २०२० च्या धोरणाने सांगितलं आहे. ३० किलोच्या मुलासाठी ही मर्यादा ३ किलो. रिकामं दप्तरच ९०० ग्रॅमचं असेल, तर मर्यादेचा जवळजवळ तिसरा हिस्सा वह्या ठेवण्याआधीच संपतो. वाडी-वस्तीवरून पायी येणाऱ्या मुलाच्या पाठीवर हा हिस्सा रोज जाता-येता असतो.

ती मुलगी आणि तिची आई यांनी मिळून नवी पिशवी शिवली. आमच्या आराखड्यात कडीखालची पट्टी पाठीवरच संपत होती. ती बुडाखालून पुढे न्यायची सूचना आईची. वर लिहिलेला आराखडा आहे तो तिने दुरुस्त केल्यानंतरचा.