सेफ्टी व्हॉल्व्ह गळतोय? आवळू नका, आधी कारण शोधा

उज्जैनमध्ये ऑटोक्लेव्ह ही काही अपूर्वाईची वस्तू नाही. सम्राट विक्रमादित्य (पूर्वीच्या विक्रम) विद्यापीठातल्या लॅबमध्ये, कॉलेजांच्या मायक्रोबायोलॉजी विभागांत, फ्रीगंजातल्या दातांच्या दवाखान्यांत तो रोज तापतो. आर. डी. गार्डी मेडिकल कॉलेजात स्वीडनच्या कॅरोलिन्स्का इन्स्टिट्यूटबरोबर अँटिबायोटिकला न जुमानणाऱ्या जंतूंवर बरीच वर्षं संशोधन झालं. अशा कामातली प्रत्येक पेट्री डिश भरण्याआधी तिच्यातलं माध्यम ऑटोक्लेव्हमधून काढावं लागतं. विक्रम उद्योगपुरीत मेडिकल डिव्हाइस पार्क उभं राहतंय, म्हणजे शहरातली दाबपात्रं वाढणारच. त्यांच्या झाकणावरच्या त्या पितळी बोंडाबद्दलचे, म्हणजे सेफ्टी व्हॉल्व्हबद्दलचे, गैरसमज मात्र जुनेच आहेत.

आधी एक हिशेब करू. झाकणाचा व्यास 30 सेंटिमीटर असेल, तर 15 पौंडांवर, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला साधारण 1.05 किलो दाबावर, वाफ त्या झाकणाला सुमारे 740 किलोच्या जोराने वर ढकलत असते. सहा-आठ विंग नट हा सगळा जोर धरून बसलेले असतात. आतलं पाणी 121 अंशांवर असतं. पात्र फुटलं, तर 10 लिटर पाण्यातलं जेमतेम 4 टक्के पाणी क्षणात उकळून जातं, पण तेवढ्याचीही जवळपास 700 लिटर वाफ होते.

गैरसमज: दाब सांभाळणं हे सेफ्टी व्हॉल्व्हचं काम.

नाही. दाब सांभाळतो तो प्रेशर स्विच किंवा कंट्रोलर. सेफ्टी व्हॉल्व्ह त्या दोघांनी दगा दिल्यावर कामाला येतो. हा घोटाळा स्वयंपाकघरातून आलाय: कुकरची शिट्टी म्हणजे दाब राखणारं वजन, आणि शिट्टीची वाट तुंबली तर वितळणारा सेफ्टी प्लग वेगळा. आपल्याला शिट्टी ऐकायची सवय, म्हणून ऑटोक्लेव्हचा व्हॉल्व्हही रोज फुसफुसला की लोकांना बरं वाटतं. रोज फुसफुसत असेल तर काहीतरी बिघडलेलं आहे, हे नक्की.

गैरसमज: गळतोय ना, मग थोडा आवळा.

सगळ्यात महाग पडणारा गैरसमज हाच, म्हणून इथे जरा थांबतो. व्हॉल्व्ह गळायची कारणं मुख्यतः तीन. एक, बैठकीवर कचरा. माळव्यातल्या बोअरचं पाणी क्षाराचं. तेच ऑटोक्लेव्हमध्ये ओतलं की बैठकीवर पांढरा थर चढतो आणि चकती नीट बसत नाही. त्याहून चिवट असतं माध्यमातलं आगार. फ्लास्क काठोकाठ भरला किंवा शेवटी वाफ घाईने सोडली, की माध्यम उसळून बाहेर येतं आणि व्हॉल्व्हच्या वाटेत शिरतं. आगार वितळतं 85 अंशांच्या वर, पण गोठतं 40च्या आसपास. त्यामुळे रात्रभरात ते तिथेच घट्ट होतं, आणि पुढच्या फेऱ्यांत वाळून सरसासारखं चिकटून बसतं. दोन, स्प्रिंग थकलेली. तिसरं कारण बहुतेकांच्या डोक्यातच येत नाही: दाब खरोखरच जास्त आहे, व्हॉल्व्ह खरं सांगतोय आणि गेज खोटं.

पहिल्या कारणाला सफाई, दुसऱ्याला नवा व्हॉल्व्ह आणि तिसऱ्याला गेज व कंट्रोलरची तपासणी, असे तीन निरनिराळे उपाय आहेत. स्प्रिंग आवळणं यांपैकी एकावरही उपाय नाही. आवळल्यावर गळती थांबते खरी, पण व्हॉल्व्ह किती पौंडांवर उघडेल हे त्यानंतर कुणालाच सांगता येत नाही. शिशाचं सील तोडून स्प्रिंगशी खेळ करणाऱ्याच्या हातून पाना काढूनच घ्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

दाब सुटण्याची वाट थेट बंदच केली तर काय होतं, ते अमेरिकेतल्या टेक्सास ए अँड एम विद्यापीठाने जानेवारी 2006 मध्ये पाहिलं. रसायनशास्त्राच्या इमारतीत द्रव नायट्रोजनची जुनी टाकी होती. तिची दाब सोडणारी साधनं कुणीतरी कधीतरी काढून त्या जागी पितळेची बुचं बसवली होती. द्रव नायट्रोजनचा वायू होताना तो सुमारे 700 पट फुगतो. बुचांमुळे त्याला वाटच राहिली नाही. एका पहाटे टाकी काँक्रीटचं छत फोडून वर गेली. लॅबमध्ये त्या वेळी कुणी नव्हतं, एवढंच नशीब. उज्जैनमध्ये द्रव नायट्रोजन जनावरांच्या रेतनाच्या केंद्रांतही दिसतो. तिथल्या लहान पात्रांचं सैल झाकण घट्ट बसवू नये, त्याचंही कारण हेच.

गैरसमज: व्हॉल्व्ह कधी उघडलाच नाही, म्हणजे ठणठणीत आहे.

कदाचित जाम झाला असेल. व्हॉल्व्हला तपासणीची दांडी असेल, तर ठरावीक काळाने ती उचलून पाहावी. पात्र थंड असताना नाही, तर दाब उघडण्याच्या दाबाच्या किमान 75 टक्क्यांवर असताना. दाब नसताना उचलली तर कचरा उडून जात नाही, उलट बैठकीवरच बसतो. तोंड बाजूला, हातात जाड मोजे, वाफेच्या वाटेत कुणी नाही, एवढं पाहून मगच. पण दांडी उचलून कळतं ते फक्त व्हॉल्व्ह हलतो की नाही. तो किती पौंडांवर उघडतो हे बेंचवरच समजतं. त्यासाठी व्हॉल्व्ह आणि गेज दोन्ही वर्षातून एकदा एनएबीएल-मान्यता असलेल्या कॅलिब्रेशन लॅबकडे पाठवावेत. कारखान्यातल्या दाबपात्रांवर कायद्याचा अंकुश असतो. कॉलेजची लॅब कारखान्यात मोडत नाही, तेव्हा तारीख लक्षात ठेवण्याचं काम लॅबलाच करावं लागतं.

गैरसमज: काटा 15 वर, म्हणजे आत 121 अंश.

आतली हवा पूर्ण निघाली असेल तरच. निम्मी हवा आत राहिली तर त्याच 15 पौंडांवर तापमान 112च्या आसपास अडकतं. म्हणून आधी वाफेचा कॉक उघडा ठेवून हवा जाऊ द्यायची. शिवाय उज्जैन समुद्रसपाटीपासून सुमारे 490 मीटर उंच. गेज बाहेरच्या हवेच्या तुलनेत दाब दाखवतं आणि इथली हवा थोडी विरळ, म्हणून 15 पौंडांवर शुद्ध वाफही साधारण 120 अंशांचीच मिळते. मुंबईपेक्षा एक अंश कमी. हा एक अंश भरून काढायला दोन-चार मिनिटं जास्त द्यावीत किंवा कंट्रोलर तापमानावर लावावा. व्हॉल्व्हवर वजन वाढवू नये. आणि जंतू मेले का, याचा खात्रीचा पुरावा रंग बदलणारी टेप देत नाही. तो जिओबॅसिलस स्टिअरोथर्मोफिलसच्या बीजाणूंच्या चाचणीतून मिळतो.

गैरसमज: आटे जुळले की कुठलाही व्हॉल्व्ह चालतो.

आट्यांपेक्षा महत्त्वाच्या गोष्टी दोन. उघडण्याचा दाब पात्राच्या पाटीवर कोरलेल्या कमाल दाबापेक्षा जास्त नको. आणि हीटर पूर्ण जोरात असताना जेवढी वाफ बनते तेवढी बाहेर टाकण्याइतकं तोंड हवं. पात्र आणि व्हॉल्व्ह यांच्यामध्ये कॉक बसवणं तर निव्वळ वेडेपणा. अमोनिया असलेल्या कामाला पितळी व्हॉल्व्ह नको, कारण अमोनियाने पितळेला तडे जातात.

शेवटी हेही सांगायला हवं, की उत्तम व्हॉल्व्हसुद्धा घाईपासून वाचवत नाही. काटा शून्यावर आला तरी बाटल्यांतलं माध्यम उकळत्या पाण्याहून गरम असू शकतं. झाकण उघडायचं ते आतलं तापमान 80 अंशांखाली आल्यावरच. व्हॉल्व्हची शेवटची तपासणी कधी झाली याची नोंद तुमच्या लॅबच्या रजिस्टरमध्ये नसेल, तर तपासणी होईपर्यंत ऑटोक्लेव्ह बंद ठेवा.