चेहऱ्याला लावायचं 'एसेन्स' म्हणजे नेमकं काय? पैसे घालण्याआधी हे वाचा

कर्जत स्टेशनला लागून असलेल्या भिसेगावातून सीएसएमटी गाठायचं तर लोकलमध्ये सुमारे दोन तास जातात. आधी घाम आणि धूळ, मग दिवसभर ऑफिसचा एसी. अशा चेहऱ्याला जाड क्रीम नकोसं होतं. म्हणूनच पाण्यासारख्या पातळ 'एसेन्स'ची सध्या चर्चा आहे. कोरिया-जपानच्या स्किनकेअरमधून हा प्रकार आपल्याकडे आला.

बाटलीत बहुतांश पाणीच असतं. सोबत ग्लिसरीन, हायलुरॉनिक ॲसिड असे ओलावा धरून ठेवणारे घटक, कधी नायसिनमाइड. तेल नसल्याने किंवा अगदी कमी असल्याने चेहरा चिकट होत नाही. तेलकट त्वचेला हाच मोठा फायदा. चेहरा धुतल्यावर त्वचा किंचित ओलसर असतानाच लावा. मात्र एसीच्या कोरड्या हवेत नुसतं एसेन्स पुरत नाही, ओलावा उडून जातो. वरून हलकं मॉइश्चरायझर हवंच, आणि दिवसा सनस्क्रीन.

लेबलवर मुख्य घटक प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने छापलेले असतात. पाणी, ग्लिसरीन आणि सुगंध एवढंच दिसलं, तर महागडी बाटली कशाला? ग्लिसरीन असलेलं साधं मॉइश्चरायझरही ते काम करतं.

घरी कोरफडीचा गर आणि पाणी मिसळून 'एसेन्स' करताय? प्रिझर्व्हेटिव्हशिवाय त्यात जंतू आणि बुरशी वाढते, पावसाळ्यात तर लवकरच. उरलेलं फेकून द्या.

नवं उत्पादन आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक-दोन दिवस पाहा. चेहऱ्यावर आधीच खाज किंवा चट्टे असतील, तर थेट त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.