२४६०१ नंबरचा माणूस



‘आपण कोण?’ असे कुणी विचारले की आपण नाव सांगतो, गाव सांगतो, फार तर कुणाचे कोण ते सांगतो. तेवढ्यावर भागते. पण नाव, गाव आणि गोत या तिन्ही गोष्टी एखाद्याकडून काढून घेतल्या, तर मागे उरतो तो कोण? हा प्रश्न एका मोठ्या कादंबरीच्या मुळाशी आहे. ती म्हणजे व्हिक्टर ह्यूगो या फ्रेंच लेखकाची १८६२ साली प्रसिद्ध झालेली ‘ले मिझेराब्ल’. साने गुरुजींनी ती ‘दुःखी’ या नावाने मराठीत आणली, त्यामुळे पुष्कळ शिक्षकांना ती परिचयाची असेल. गरिबाने पाव चोरला आणि त्याच्या जन्माचे मातेरे झाले, एवढी गोष्ट सर्वांच्या ध्यानात राहते. आज आपण त्या गोष्टीतला एकच धागा हाती घेऊ. तो धागा म्हणजे माणसाची ओळख.

कथेचा नायक जाँ वालजाँ हा खेड्यातला, झाडांची छाटणी करून पोट भरणारा मजूर. विधवा बहीण आणि तिची सात मुले त्याच्यावर अवलंबून. १७९५ सालच्या हिवाळ्यात काम मिळेना, घरात अन्न नाही. त्याने पाववाल्याची काच फोडून एक पाव उचलला. शिक्षा झाली पाच वर्षे सक्तमजुरीची. पळून जाण्याचे प्रयत्न केले म्हणून ती वाढत वाढत एकोणीस वर्षांवर गेली! तूलाँ बंदरातल्या तुरुंगात त्याच्या अंगावर लाल डगला चढला आणि नाव पुसले गेले. तो झाला नंबर २४६०१. बहीण आणि मुले पांगली. गावही त्याला विसरले. म्हणजे नाव, गाव, गोत, तिन्ही गेली.

१८१५ साली तो सुटला. सुटला म्हणायचे खरे, पण हातात दिला पिवळा परवाना. हा माणूस सुटलेला कैदी आहे आणि धोकादायक आहे, असे त्यावर लिहिलेले. दिवसभर पायपीट करून तो दीन्य नावाच्या गावी येतो. खिशात पैसे आहेत, तरी खाणावळवाला त्याला बाहेर काढतो. दुसरा काढतो, तिसरा दार उघडत नाही. कुत्र्याच्या खोपटात शिरला तर कुत्रेही अंगावर येते. एकदा नाव गेले, की त्या जागी लोकांनी लावलेली चिठ्ठी बसते आणि जग ती चिठ्ठीच वाचते.

आपल्या बोलीत एक छान प्रयोग आहे. रस्त्यात भेटूनही कुणी तोंड फिरवले, तर आपण म्हणतो, ‘त्याने मला ओळख दिली नाही.’ म्हणजे ओळख ही नुसती आपल्याजवळ असण्याची वस्तू नव्हे, ती दुसऱ्याने द्यावीही लागते. दीन्य गावात वालजाँला कुणीच ओळख देत नाही. देतो तो एकटा म्हातारा बिशप मिरिएल. दारात उभा राहून वालजाँ स्वतःच आपला परवाना वाचून दाखवतो. बिशप मात्र त्याला आदराने बोलावतो, पाहुण्यासाठी काढायची चांदीची भांडी मांडायला सांगतो. नाव सांगण्याचीही गरज नव्हती, असे त्याचे म्हणणे. त्याच्या लेखी या पाहुण्याला आधीपासूनच एक नाव होते, ते म्हणजे भाऊ. त्याच रात्री पाहुणा भांडी चोरून पळतो आणि पकडलाही जातो. तेव्हा बिशप शिपायांना सांगतो की भांडी मीच दिली होती, आणि वर चांदीच्या दोन समया त्याच्या हाती ठेवतो.

पुढे हाच माणूस दुसऱ्या एका गावी पोहोचतो. आगीतून दोन मुलांना वाचवतो, त्या गडबडीत त्याचा परवाना पाहायचे राहून जाते. तो मादलेन हे नाव घेतो. काळ्या मण्यांच्या धंद्यात एक नवी युक्ती काढतो, कारखाना काढतो, शेकडो हातांना काम देतो. १८२० साली तो गावाचा नगराध्यक्षही होतो. गंमत पाहा, खरे नाव होते तेव्हा त्याला माणूस म्हणून जगता आले नाही, आणि खोट्या नावाखाली तो सज्जन होऊन जगला. मग खरा कोणता?

या प्रश्नाचा कस १८२३ साली लागतो. शाँमात्यू नावाचा एक गरीब म्हातारा सफरचंदांची फांदी तोडल्याच्या आरोपावरून पकडला जातो. हाच तो फरारी वालजाँ, असे सरकारचे म्हणणे. वालजाँच्या आईचे माहेरचे नाव मात्यू. काही भागात ‘जाँ’चा उच्चार ‘शाँ’ होतो. म्हणून जाँ मात्यूचा झाला शाँमात्यू! अशा रीतीने उच्चारावरून एका माणसावर दुसऱ्याचे आयुष्य चढवले जाते. म्हाताऱ्याला स्वतःची बाजू नीट सांगता येत नाही. पोलीस इन्स्पेक्टर जाव्हेर आणि तीन जुने कैदी सांगतात की वालजाँ तो हाच. शिक्षा ठरलेली, जन्मभर सक्तमजुरी.

मादलेन गप्प बसला तर कायमचा सुरक्षित होणार. बोलला तर कारखाना बुडणार, गाव बुडणार, त्याच्या आधारावर असलेली आजारी फाँतीन आणि तिची मुलगी कोझेत यांचे काय होणार? रात्रभर तो तळमळतो. सकाळी निघतो, वाटेत गाडीचे चाक मोडते, परतायला निमित्त मिळते, तरी आरासच्या कोर्टात जाऊन उभा राहतो.

आणि तेथे त्याच्यावर कुणी विश्वास ठेवत नाही! ज्या माणसाने आठ वर्षे स्वतःला लपवले, त्याला आता आपणच आपण आहोत हे सिद्ध करावे लागते. पुरावा काय? दाखला नाही, कागद नाही. तो त्या तीन कैद्यांकडे वळतो. एकाला त्याची तुरुंगातली चौकटीची पट्टी आठवून देतो, दुसऱ्याच्या खांद्यावरचा भाजल्याचा डाग सांगतो, तिसऱ्याच्या दंडावर गोंदलेली तारीख सांगतो. ज्यांनी त्याला ओळखले नाही, त्यांना तो ओळखतो. जगाने टाकून दिलेल्या त्या माणसांना त्याने ओळख दिली आणि त्यातूनच त्याची स्वतःची ओळख पटली. माझ्या मते साऱ्या कादंबरीचे मर्म येथे आहे. सरकारने काढून घेतलेले नाव कोणत्याही कचेरीने त्याला परत दिले नाही. निरपराध माणूस आपल्या जागी भरडला जात असताना ‘तो मी आहे’ असे तो म्हणाला, तेव्हा ते त्याला परत मिळाले.

याची किंमत ह्यूगो लपवीत नाही. फाँतीन मरते. वालजाँ पुन्हा कैदी होतो, या वेळी नंबर ९४३०. कारखाना मोडतो, गावाला उतरती कळा लागते. पुढे निसटून तो कोझेतला मुलीसारखी वाढवतो, तेही फोशलव्हाँ या उसन्या नावाखाली. तिचे लग्न झाल्यावर मात्र जावयाला खरे काय ते सांगून टाकतो. उसन्या नावाने लेकीच्या घरात राहणे ही त्याला चोरीच वाटते. १८३३ साली तो मरतो आणि त्याच्या थडग्याच्या दगडावर नाव नसते.

शिक्षकांना एक सुचवावेसे वाटते. आरासच्या कोर्टाचा प्रसंग वर्गात किंवा गावच्या वाचनालयात मोठ्याने वाचा. नायक उठून उभा राहण्यापूर्वी थांबा आणि विचारा, ‘त्याने बोलावे की गप्प राहावे?’ एका म्हाताऱ्यासाठी सारे गाव का बुडवावे, असे कुणीतरी नक्की म्हणेल. त्याला गप्प करू नका. त्याचे म्हणणे पूर्ण ऐकून घ्या आणि मगच पुढचे पान उलटा.